साडेसात सेंटिमीटर आणि सासूबाई

आमच्या सासूबाईंच्या हातात पाण्याचा पेला दिला की त्या आधी पेल्याकडे बघतात, मग देणाऱ्याकडे बघतात आणि मग पितात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, पेला नीट घासलेला नसावा. तीनदा घासून दिला. चौथ्या वेळी नवऱ्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "अगं, काठापासून बोटभर खाली भर. जास्त नाही, कमी नाही. तिची कामाची सवय आहे ती." पेलाभर पाण्यावरही कुणाची नोकरी चालते, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाई बस डेपोत तपासनीस आहेत. तिकिटं नाही तपासत, स्पीडब्रेकर तपासतात. नियमपुस्तकात त्याला गतिरोधक म्हणतात आणि सासूबाईही गतिरोधकच म्हणतात. बाकी सगळं जग ब्रेकर म्हणून मोकळं होतं. ज्या रस्त्यावरून बस जाते तिथे कुणालाही आपल्या मनाने ब्रेकर घालता येत नाही. उंची साडेसात सेंटिमीटर, एक केस जास्त नाही, एक केस कमी नाही. रुंदी पावणेचार मीटर, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही आळशी हवेत. बसथांब्यापासून पंचवीस मीटर लांब. अलीकडे पाटी, वर पांढरे पट्टे. एवढं सगळं जुळलं तरी शेवटी डेपोची सही लागते, आणि ती सही सासूबाईंच्या पेल्याशिवाय होत नाही.

त्याचं असं आहे. नवा ब्रेकर झाला की डेपोतून एक रिकामी बस निघते. सासूबाई सगळ्यात मागच्या बाकावर मधोमध बसतात, हातात काठापासून बोटभर खाली भरलेला पेला. बस ताशी पंचवीसच्या वेगाने ब्रेकरवरून जाते. पाणी सांडलं नाही तर पास. सांडलं तर नापास, मग वशिला कुणाचाही असो. फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकाना आहे, त्याचं नावच 'पाणी'. डेपोत त्यांना सगळे 'मागची बाई' म्हणतात. तोंडावर अर्थातच 'मॅडम', तेही दोन पावलं मागे सरकून.

ही पेल्याची युक्ती त्यांचीच. पूर्वी त्या कंडक्टर होत्या. एकदा एका आडदांड ब्रेकरवर बस आपटली आणि मागच्या बाकावरच्या एका आजोबांची कवळी तोंडातून उडून तीन बाक पुढे जाऊन पडली. फुटली. आजोबा बिचारे बोळक्या तोंडाने भांडायला डेपोत आले. साहेब म्हणाले, "धक्का बसला म्हणता, पण किती बसला? त्याला काही माप?" नियमात लिहिलं होतं 'असह्य धक्का बसू नये', आणि असह्य म्हणजे किती ते कुणीच लिहिलं नव्हतं. सासूबाई दुसऱ्या दिवशी घरून पेला घेऊन गेल्या. आधी सगळे हसले. मग साहेबांना मागच्या बाकावर बसवून, त्यांच्या इस्त्रीच्या पॅंटवर पाणी सांडवून सासूबाईंनी विचारलं, "सह्य आहे का?" तेव्हापासून तो रकाना.

आता अशी बाई घरात असल्यावर घराचं काय होत असेल! आमच्या घरात पायपुसणं नाही, कारण ते दोन सेंटिमीटर जाड असतं आणि 'न रंगवलेला उंचवटा' ठरतं. गादीच्या चादरीला चुणी पडली की त्या फक्त पाटी लावायचंच बाकी ठेवतात. माझ्या नवऱ्याने लहानपणी परीक्षेत चौतीस गुण मिळवले, पास व्हायला पस्तीस लागत होते. मास्तर एक गुण वाढवून द्यायला तयार होते. सासूबाई शाळेत जाऊन सांगून आल्या, "चौतीस म्हणजे चौतीस." पोरगा एक वर्ष त्याच वर्गात बसला. अजूनही ती गोष्ट निघाली की तो जेवता जेवता उठून गॅलरीत जातो.

याउलट सासरे. ते गवंडी, फरशीकामात हात धरणारा कुणी नाही. फार बोलत नाहीत, पण मिशीतल्या मिशीत हसत असतात आणि तेव्हा समजावं की कुणाचा तरी मामा होणार आहे. आता गुडघ्यांनी दगा दिलाय म्हणून घरी असतात. त्यांचा सगळा जीव माझ्या लेकीत. ती सात वर्षांची आहे आणि सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री डोळे मिटेपर्यंत तिचं तोंड बंद नसतं, म्हणून सासरे तिला 'रेडिओ' म्हणतात. सासूबाई तिला तिच्या खऱ्या नावाने, पूर्ण, हाक मारतात. लाड त्यांच्या मापात बसत नाहीत.

रेडिओची शाळा आमच्या समोरच, रस्त्यापलीकडे. एवढं जवळ, की तास संपल्याची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. पण मधला रस्ता! वरच्या अंगाला वळण आहे आणि वळणावरून सुटलेली गाडी उतारावर अशी येते की बघणाऱ्याने डोळेच मिटून घ्यावेत. चौदा नंबरची बस त्यातल्या त्यात शहाणी. बाकीच्यांना कसली घाई असते कोण जाणे. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लेकीला रस्ता ओलांडून द्यायचा आणि तशीच पळत जाऊन बस पकडायची, असा माझा रोजचा नेम.

त्या दिवशी अर्ध्या रस्त्यात तिचं दप्तर खांद्यावरून घसरलं. ते सावरायला मी तिचा हात सोडला. दोन सेकंद, फार तर तीन. वळणावरून एक छोटी व्हॅन आली आणि तिच्या हातातली पाण्याची बाटली उडवून घेऊन गेली. फक्त बाटली. मी रेडिओला ओढून फुटपाथवर आणलं, ती बाटलीसाठी रडत होती आणि मी तिथेच बसकण मारून तिच्यापेक्षा मोठ्याने रडत होते. चपटी झालेली ती बाटली रस्त्यात पडली होती. त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या घरात. गल्लीला वाटलं, हिची सासू डेपोत, मग काय, उद्या सकाळी ब्रेकर तयार. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि मग एक कोरा अर्ज दिला. म्हणाल्या, "हा भरा. मग रस्तेवाले गाड्या मोजतील, सात दिवस. मग वाहतूकवाले जागा बघतील. मग डेपोचं पत्र. मग काम. मग चाचणी. चार महिने धरा."

"चार महिने?" पिठाच्या गिरणीचा मालक म्हणाला. तो आमचा शेजारी, देह असा की दारातून तिरका येतो. "वहिनी, तोवर अर्धी शाळा चेंगरून व्हायची. तुमची नात आहे हो!"

"म्हणून तर अर्ज आजच भरा म्हणते," सासूबाई म्हणाल्या. "नात माझी आहे, रस्ता माझा नाही."

मला इतका संताप आला म्हणून सांगू! मी भांडी आपटली. कुकरचं झाकण दोनदा आपटलं, कारण पहिल्यांदा पुरेसा आवाज आला नव्हता. सासरे कोपऱ्यात बसून मिशीत हसत होते. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पुढच्या रविवारी सासूबाई त्यांच्या बहिणीकडे गेल्या. त्यांची पाठ वळली आणि गल्लीत सिमेंटची पोती अवतरली. गिरणीवाल्याच्या घराच्या दुरुस्तीतून उरलेली वाळू आली, खडी कुठून आली ते मी विचारलं नाही. सासरे रस्त्याच्या मधोमध पाटावर बसले, गुडघे दुखतात म्हणून, आणि तिथून हुकूम सोडत राहिले. दोन्ही बाजूंनी दोरी बांधून गाड्या दुसऱ्या गल्लीतून वळवल्या. दुपारपर्यंत ब्रेकर तयार. तोंडाने सांगून होईना म्हणून शेवटची घोटाई त्यांनी स्वतः केली, तीही अशी की त्यात तोंड बघून भांग पाडावा. मी आनंदाने सगळ्यांना सरबत दिलं. हो, मी पण त्यात होते. लपवायचं कशाला?

फक्त एकच गडबड झाली. सासरे आयुष्यभर पायऱ्या बांधत आले. त्यांच्या हाताला उंचीची जी सवय, ती पायरीची. तो ब्रेकर सोळा सेंटिमीटर भरला. आणि मऊ चढाऐवजी दोन्हीकडून सरळ कड.

संध्याकाळी सासूबाई चौदा नंबरने परत आल्या. बसल्या होत्या सवयीने मागच्याच बाकावर. आम्ही सगळे गॅलरीत उभे, पाचावर धारण बसलेली. बस वळणावरून आली, सिमेंट अजून धड वाळलेलं नव्हतं तरी त्याने आपलं काम चोख केलं. धाड्! बसमधून एक सामूहिक 'आई गं' ऐकू आलं. पुढे थांब्यावर बस थांबली, सासूबाई उतरल्या. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर. चालत मागे आल्या, पर्समधून टेप काढला, रस्त्यात वाकल्या आणि मोजलं. मग वर गॅलरीकडे बघितलं.

"घोटाई तुमची," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच डेपोत लेखी तक्रार दिली. याला म्हणतात घरचा आहेर. आठ दिवसांत चाचणी, त्यात नापास झाला तर ब्रेकर काढायचा, आणि काढला नाही तर चौदा नंबरची बस आमच्या रस्त्यावरून बंद. कारण नियमच तसा आहे: एका रस्त्यावर एकतर बस चालेल नाहीतर असा ब्रेकर. हे ऐकून गल्ली सासूबाईंशी बोलेनाशी झाली. मीही त्यांच्याशी चार दिवस फक्त 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर काम चालवलं. गाड्या मात्र त्या ब्रेकरपाशी मुकाट थांबत होत्या आणि रेडिओ आरामात रस्ता ओलांडत होती. मला बाकी काही नको होतं. लोकांच्या कंबरा मोडोत, माझी लेक पलीकडे पोचत होती. असंच मनात होतं माझ्या, खोटं कशाला सांगू?

चाचणीचा दिवस गुरुवार. आता चाळीस वर्षं एका बाईबरोबर संसार केला की तिच्या कामातली सगळी मेख माणसाला कळते. सासऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की रिकामी बस जास्त उसळते आणि भरलेली बस कमी. बस डेपोतून निघून आमच्या थांब्यावर सासूबाईंसाठी थांबली, तर थांब्यावर अख्खी गल्ली. गिरणीवाला चार पोती पीठ घेऊन. त्याची बायको, जी त्याच्याहून तसूभरही कमी नाही. इस्त्रीवाला कोळशाच्या इस्त्र्या घेऊन. मी आणि नवरा. सासरे काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. बघता बघता सगळे बसमध्ये चढले आणि मागच्या तीन रांगांत दाटीवाटीने बसले.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"दळण पोचवायचंय," गिरणीवाला म्हणाला.

"चाचणीची बस आहे ही."

"असू दे ना वहिनी, आम्ही तुम्हाला काही त्रास देणार नाही. तोंडातून शब्द काढणार नाही."

सासूबाईंनी एकदा पोत्यांकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे. सासरे खिडकीतून बाहेर एका खांबाकडे असे बघत होते, जणू आयुष्यात खांब पहिल्यांदा पाहिला. ड्रायव्हरही फितूर होता; त्याच्या न्हाणीघराची फरशी सासऱ्यांनी घातली होती. सासूबाई मागच्या बाकावर मधोमध बसल्या, पेला भरला आणि म्हणाल्या, "चला."

बस निघाली. पंचवीस कसले, पंधराने. ब्रेकरवर चढली, म्हशीसारखी, आणि उतरली. पेल्यातलं पाणी हललं, काठापर्यंत आलं आणि परत गेलं. एक थेंब नाही! गल्लीने टाळ्या वाजवल्या, गिरणीवाल्याने एका पोत्यावर थाप मारली, त्यामुळे सगळे पांढरे झालो. मी तर रेडिओच्या नावाने मनातल्या मनात नाचले.

सासूबाईंनी फॉर्म काढला. पेनाचं टोपण काढलं. आणि परत लावलं.

"उतरा सगळे," त्या शांतपणे म्हणाल्या. "दळणासकट."

कुणी हललं नाही.

"उतरा म्हटलं ना!" हा आवाज मात्र कंडक्टरचा होता. कित्येक वर्षं भरल्या बसमध्ये शेवटच्या माणसापर्यंत पोचलेला. गिरणीवाला पोत्यांसकट एवढ्या चपळाईने उतरला की मी त्याला तसं उतरताना पुन्हा कधी पाहिलं नाही. आम्हीही उतरलो. सासरे काठी शोधायला लागले.

"तुम्ही नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही इथे या. माझ्या शेजारी."

आणि त्यांनी पेला सासऱ्यांच्या हातात दिला. "धरा. ड्रायव्हर, फिरवून आणा. ताशी पंचवीस. चोवीस झाले तरी मला कळतं, लक्षात ठेवा."

आम्ही फुटपाथवर उभे राहून बघत होतो. बस वळणावरून आली, ब्रेकरवर आदळली. मागच्या काचेतून आम्हाला दोन डोकी दिसत होती, ती दोन्ही एकदम छतापर्यंत गेली आणि खाली आली. बस थांबली. बराच वेळ कुणी उतरेना. माझा नवरा धावत चढला, त्याच्यामागे मी.

सासरे चिंब भिजलेले, मिशीतून पाणी गळत होतं. पेला हातात तसाच, रिकामा. सासूबाई एका हाताने पुढच्या बाकाचा दांडा धरून, दुसरा हात कमरेवर, डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ दाबलेले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांत शेकडो ब्रेकर त्यांनी आपल्या कमरेवर झेलले आणि घरी येऊन एकदाही 'हुश्श' म्हटलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्या आधी पाच मिनिटं भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, कसला तरी व्यायाम असेल.

"चौदा नंबरच्या दिवसाला बत्तीस फेऱ्या," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "मागे कोण बसतं माहितेय? ज्याला पुढे जागा मिळत नाही तो. म्हातारी माणसं. पोटुशा बायका. त्यांच्या हातात पेलाही नसतो."

सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला, आधी सासूबाईंचा चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला आणि मग स्वतःचं तोंड पुसलं. घरी जाऊन त्यांनी पहार आणि छिन्नी आणली. कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत पाटावर बसून स्वतःची घोटाई स्वतःच फोडली. मला त्यांच्याकडे बघवेना. फॉर्मवर 'पाणी' या रकान्यात सासूबाईंनी लिहिलं : 'सर्व'.

मग अर्ज गेला. सात दिवस एक माणूस छत्रीखाली बसून गाड्या मोजत होता. प्रश्न उरला, चार महिने रेडिओला पलीकडे कोण नेणार? मला तर हात सोडल्याचा धसका बसला होता, रस्त्याच्या कडेला आले की पाय उचलायचा नाही. सासूबाईंनी तीस वर्षांत पहिल्यांदा डेपोत पाळी बदलून मागितली. सकाळी साडेसातला युनिफॉर्म घालून, गळ्यात कंडक्टरची शिट्टी अडकवून, त्या रेडिओचा हात धरून दारात उभ्या.

मी गॅलरीतून बघायचे. त्या रस्त्यात उतरायच्या, शिट्टी फुंकायच्या आणि एक हात वर करायच्या. काय हिंमत होती कुठल्या गाडीची! ट्रकवालेसुद्धा नमस्कार करून थांबायचे. गिरणीवाला म्हणायचा, "हा ब्रेकर पाच फूट दोन इंचांचा आहे, हा कसा चालतो नियमात?" सासूबाई म्हणायच्या, "गतिरोधक रस्त्याला पक्का बसवलेला असतो. मी हलते." आणि मधोमध चालताना रेडिओ तोंडाचा पट्टा सुरू ठेवायची. वर्गात कोण कुणाशी भांडलं, बाईंनी कुणाला उभं केलं, कुणाचा दात पडला. गल्लीतल्या आणखी चार मुली त्यांच्यामागे रांगेत. दोन मिनिटांचा रस्ता, हळूहळू तो सहा मिनिटांचा झाला. पलीकडे पोचल्यावरही दोघी फाटकापाशी उभ्या. एकदा तर मी सासूबाईंना मोठ्याने हसताना ऐकलं. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "तिला दात आहेत होय सगळे?"

चार महिन्यांच्या जागी साडेचार लागले. रस्तेवाल्यांचे मजूर आले. सासरे पाट घेऊन हजर. आधी नुसते बघत बसले, मग राहवेना, मग थापी त्यांच्या हातात. उंची, चढ, उतार, सगळं नियमपुस्तक मांडीवर उघडं ठेवून. सासूबाई रोज येऊन टेप लावून जायच्या. काम झालं तेव्हा सासरे गल्लीभर सांगत सुटले, "साडेसात म्हणजे साडेसात. या बोटाने केलंय. कुणीही यावं, मोजावं. एक मिलिमीटरचा फरक निघाला तर थापी नदीत टाकीन." समोरच घर असल्याने मंजुरीच्या चाचणीला दुसरा तपासनीस आला, तोही नियमच; तक्रारीच्या चाचणीला तो लागत नाही. पाणी सांडलं नाही. पट्टे रंगवले, पाटी लागली, आणि गाड्या खरंच हळू व्हायला लागल्या.

त्यानंतरच्या सोमवारी दोघी नेहमीसारख्या निघाल्या. मी गॅलरीत होते. रस्त्याच्या कडेला रेडिओ थांबली आणि म्हणाली, "आजी, हात सोड ना. आता सगळ्या मुली एकट्या जाणार आहेत." सासूबाईंनी हात सोडला. पण ती निघायच्या आत पुन्हा धरला आणि म्हणाल्या, "आज नको. रंग ओला आहे." रंग शनिवारीच वाळला होता. मंगळवारी म्हणे पाटी वाकडी होती. बुधवारी धुकं होतं, जे फक्त त्यांनाच दिसलं. मला हसू यायला लागलं आणि मग एकदम यायचं थांबलं.

गुरुवारी शाळेतून एक कागद आला. रस्त्यापलीकडच्या मुलांनी आता एकटं यावं की मोठ्यांबरोबर, हे पालकांनी लिहून द्यायचं, कारणासह. मी तो टेबलावर ठेवून अंघोळीला गेले. परत आले तर तो भरलेला. सासूबाईंचं ते शिस्तीतलं, फॉर्मवरचं अक्षर. 'मोठ्यांबरोबर' पुढे बरोबरची खूण. कारण : 'गतिरोधकाची उंची नियमापेक्षा चार मिलिमीटर कमी. दुरुस्ती होईपर्यंत मुलीचा हात धरून नेणे आवश्यक.' खाली पालकांच्या सहीची जागा रिकामी ठेवली होती, माझ्यासाठी. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी सासऱ्यांचा टेप घेतला, खाली गेले आणि रस्त्यात वाकून मोजलं. तीन ठिकाणी मोजलं. साडेसात. पुन्हा मोजलं. साडेसात. पोटच्या पोराला एक गुण न देणाऱ्या बाईने चार मिलिमीटर स्वतःच्या खिशात घातले होते.

वर आले तर सासरे दारातच खुर्चीवर. कागद त्यांच्या हातात. त्यांनी तो वाचला होता. मला वाटलं, आता भडका उडणार. त्यांच्या थापीची अब्रू गेली होती, तीही बायकोच्या हातून, तीही लेखी.

"मोजलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग?"

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथे नळ बंद झाला होता. "चार मिलिमीटर कमी आहे, बाबा."

सासऱ्यांनी मान हलवली. खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि स्वयंपाकघरापर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात म्हातारा झाला गं माझा. पाच असेल. पाच लिही."